सीमाशुल्क कायदा आधुनिक करायचा म्हणजे नेमकं काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आयातीचे सगळे अर्ज ऑनलाइन झाले, बंदरांवर स्कॅनर बसले, तरी सरळ व्यवहार करणाऱ्याचा माल अडकतो आणि खोटी किंमत लावणारा निसटतो. मग सीमाशुल्क कायदा ‘आधुनिक’ करायचा म्हणजे करायचं तरी काय, आणि आधी हात कशाला घालायचा?

मी बरीच वर्षं आयातदारांच्या बाजूने हे काम केलंय. आधी कस्टम्स ब्रोकरकडे, नंतर सल्लागार म्हणून. त्यामुळे खात्याकडे बघायची माझी नजर जरा तिरकी असेल, ती तेवढी वजा करून वाचा.

संगणकापासून सुरुवात करू नका, हे पहिलं. कारण जुन्या सीमाशुल्क कायद्यांची सगळी बांधणी एका गृहीतकावर उभी आहे: माल आपल्या ताब्यात आहे तोवरच आपलं चालतं. एकदा गेटबाहेर गेला की आयातदार कोण, कुठला, पैसे भरेल की नाही, कशाचाच भरवसा नाही. म्हणून वर्गीकरण, किंमत, मूळ देश, परवाने, जे काही ठरवायचं ते माल सोडण्याआधीच ठरवायचं. माल हेच तारण. जहाजं महिन्याला एखाद-दुसरं यायची आणि पेट्या हमाल मोजायचे, त्या काळात हे शहाणपणाचंच होतं. तोच कायदा ठेवून वर सॉफ्टवेअर चढवलं की खिडकीसमोरची रांग स्क्रीनवर जाते, एवढंच. ऑनलाइन भरलेल्या अर्जाची प्रिंट काढून त्यावर शिक्का मारून घेतल्याशिवाय पुढचा माणूस फाइल हातात घेत नाही, हे मी स्वतः पाहिलंय, आणि तेव्हा त्या माणसाचं काही चुकतही नव्हतं. कायद्यात ‘सही केलेली प्रत’ असंच लिहिलेलं होतं.

बदलायची गोष्ट ही आहे: माल सोडणं आणि शुल्क अंतिम ठरवणं, या दोन क्रिया कायद्यातच वेगळ्या करायच्या. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार (2013 साली बाली इथे ठरला, 22 फेब्रुवारी 2017 पासून लागू झाला) कलम 7 मध्ये नेमकं हेच सांगतो. माल पोहोचण्याआधी कागद तपासा, शुल्काचा वाद असेल तर हमी घेऊन माल सोडा, आणि हिशेब नंतर बघा. जागतिक सीमाशुल्क संघटनेचा सुधारित क्योटो करार 1999 चा, 2006 पासून लागू. त्याचाही गाभा हाच. वाचायला ओळभराचं वाटतं, पण ते खरोखर करायचं तर कायद्यात चार-पाच गोष्टी नव्याने लिहाव्या लागतात आणि बहुतेक मसुदे तिथेच लंगडे पडतात. आयातदाराने कागद किती वर्षं ठेवायचे? अधिकाऱ्याला त्याच्या ऑफिसात जाऊन हिशेबाच्या वह्या, बँकेची पानं, ईमेल बघायचा हक्क आहे का? जुना व्यवहार किती काळापर्यंत उघडता येईल? हमी किती, आणि किती दिवसांत परत? या प्रश्नांना आकड्यांत उत्तरं नसतील तर अधिकारी माल सोडणारच नाही. उद्या लेखापरीक्षक त्यालाच विचारणार आहे की तू का सोडलास.

अमेरिकेने हे 1993 च्या सीमाशुल्क आधुनिकीकरण कायद्यात केलं, ते अजून अभ्यासण्यासारखं आहे. शुल्काचं वर्गीकरण आणि किंमत योग्य सांगण्याची जबाबदारी त्या कायद्याने आयातदारावर टाकली आणि ‘वाजवी काळजी’ घेणं बंधनकारक केलं. बदल्यात खात्यावर जबाबदारी आली की नियम, निर्णय आणि त्यांचे अर्थ लोकांपर्यंत आधीच पोहोचवायचे. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ हे आयातदाराने म्हणायचं नाही आणि ‘तुम्हाला माहीत असायला हवं होतं’ हे खात्याने गुपचूप म्हणायचं नाही. भारतात 2011 मध्ये स्व-आकारणी आली, म्हणजे शुल्क किती ते आयातदारानेच ठरवून सांगायचं, आणि मालाच्या सुटकेनंतरच्या ऑडिटला कायद्यात स्वतंत्र जागा मिळाली ती 2018 मध्ये. दोन्हींमध्ये सात वर्षं गेली, आणि ही अशी तफावत बऱ्याच देशांत दिसते: जबाबदारी आयातदाराकडे लगेच सरकते, खात्याच्या बाजूची शिस्त मागून येते.

ही जबाबदारी आयातदाराला पेलायची तर त्याला आधी खात्रीने कळायला हवं की आपला माल मोडतो कुठे. जगभर प्रत्येक वस्तूला वर्गीकरणाचा एकच क्रमांक देणारी एचएस कोडची सुसूत्र पद्धत 1988 पासून चालू आहे, सहा अंकी पातळीवर पाच हजारांच्या वर गट आहेत, आणि तरीही वाद संपत नाहीत, कारण वस्तू यादीपेक्षा पुढे पळतात. कॅमेरा बसवलेला ड्रोन म्हणजे उडणारा कॅमेरा की छोटं विमान, यावर काही वर्षं वाद चालला. 2022 च्या आवृत्तीत त्याला 8806 हा स्वतःचा क्रमांक मिळाला तेव्हा कुठे तो निवळला. त्याहून मजेदार प्रकरण अमेरिकेतलं, 2003 चं. कॉमिक्समधल्या अतिमानवी पात्रांच्या छोट्या मूर्ती आयात होत होत्या. माणसाची प्रतिकृती असेल तर ती ‘बाहुली’ आणि शुल्क 12 टक्के. नसेल तर ‘खेळणं’ आणि शुल्क 6.8 टक्के. व्यापारविषयक न्यायालयाला एकेक मूर्ती हातात घेऊन ठरवावं लागलं की नखं, शेपट्या नि पंख असलेली ही मंडळी माणसं म्हणायची का. न्यायालय म्हणालं, माणसं नव्हेत. गंमत म्हणजे 2007 च्या आवृत्तीत बाहुल्या आणि खेळणी एकाच क्रमांकाखाली आली, आणि तो भेदच गेला.

ही गोष्ट सांगायचं कारण असं की दोन दरांमध्ये अंतर ठेवलंत की वाद विकत घेतलात. त्यावर आधुनिक कायद्यातलं सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे अग्रिम निर्णय: आयातदार माल मागवण्याआधी नमुना, रेखाचित्र, घटक पदार्थ देऊन विचारतो, आणि खातं जे उत्तर देतं ते खात्यावर बंधनकारक. सुलभीकरण कराराने वर्गीकरण आणि मूळ देश या दोन बाबतींत ही सोय सक्तीची केली आहे, किंमत ठरवण्याच्या पद्धतीबाबत फक्त प्रोत्साहन दिलंय. माझं मत विचाराल तर किमतीबाबतही सक्तीच हवी. आणि निर्णय नावं झाकून प्रसिद्ध व्हायला हवेत. तेच उत्तर कपाटात पडून राहिलं तर पुढचा आयातदार तोच प्रश्न घेऊन पुन्हा येतो, आणि दुसऱ्या बंदरावर त्याला वेगळंच उत्तर मिळतं.

आता किंमत. चोरीचा खरा पैसा इथे आहे, आणि प्रामाणिक माणूस सगळ्यात जास्त अडकतो तोही इथेच.

नियम वरवर सोपा आहे: प्रत्यक्ष दिलेली किंवा द्यायची किंमत, म्हणजे व्यवहार मूल्य. ते मान्य करता येत नसेल तर पुढच्या पाच पद्धती, ठरलेल्या क्रमाने. किमान किंमत ठोकून देणं किंवा मनाने आकडा लावणं जागतिक व्यापार संघटनेच्या मूल्यांकन करारात स्पष्ट निषिद्ध आहे. पण व्यवहार मूल्यात काय काय धरायचं, तिथे चांगले चांगले घसरतात. माझ्याकडे आलेलं एक प्रकरण सांगतो. प्लास्टिकच्या सुट्या भागांचा आयातदार, इनव्हॉइस स्वच्छ, पैसे बँकेतूनच गेलेले, भावही बाजाराला धरून. ऑडिटला आलेल्या अधिकारी बाईंनी आयातीची फाइल बाजूला ठेवली आणि स्थावर मालमत्तेचं रजिस्टर मागितलं. त्यात एक नोंद होती, ‘साचे, 6 नग’, घसारा नियमित चालू. त्यांनी विचारलं, साचे कुठे आहेत, दाखवा. साचे कारखान्यात नव्हतेच. ते आयातदाराने विकत घेऊन परदेशातल्या पुरवठादाराला फुकट वापरायला दिले होते, त्यामुळे प्रत्येक भागाची किंमत तेवढी कमी लागली होती. त्याच मूल्यांकन कराराच्या कलम 8 प्रमाणे अशी फुकट दिलेली साधनं किमतीत वाटून धरावी लागतात. आयातदाराला हे खरंच माहीत नव्हतं. मी त्याचा सल्लागार असून मलाही तोवर साच्यांचा पत्ता नव्हता, कारण मी कधी ते रजिस्टर मागितलंच नव्हतं.

हे बंदरावर सापडलं असतं का? जन्मात नाही. पेटी उघडून बघा, भाग मोजा, वजन करा, इनव्हॉइसशी पडताळा, सगळं बरोबरच येणार. रॉयल्टी, कमिशन, वर्षअखेरीला संबंधित कंपन्यांमध्ये होणारी भावाची दुरुस्ती, हे सगळं वह्यांत असतं. म्हणून अंमलबजावणीची माणसं यार्डातून उचलून हिशेबाच्या टेबलाशी बसवायला हवीत, आणि त्यांना ताळेबंद वाचता यायला हवा. कायदा बदलणाऱ्यांना भरतीचे नियम बदलायचं सुचत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पण नंतर तपासणं म्हणजे रामबाण नव्हे. ब्रिटनचं उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने वाचावं. युरोपीय संघात असताना 2011 ते 2017 या काळात चीनमधून येणारे कपडे आणि पादत्राणं तिथे अविश्वसनीय स्वस्त किमतीला जाहीर होत होती. युरोपच्या फसवणूकविरोधी कार्यालयाने, म्हणजे ओलाफने, सांगितलं होतं की सरासरी किमतीच्या ठरावीक टक्क्यांखाली जे येईल ते थांबवा, हमी घ्या, मगच सोडा. ब्रिटनचा भर नंतरच्या तपासणीवर राहिला. नंतर दार ठोठावलं तर आत कोणी नाही. आयातदार म्हणून नोंदलेल्या कंपन्या नावापुरत्या होत्या, मालमत्ता शून्य, वसुलीची नोटीस येईपर्यंत बंद झालेल्या आणि नव्या नावाने पुन्हा उघडलेल्या. 8 मार्च 2022 रोजी युरोपीय न्यायालयाने ब्रिटनला दोषी धरलं.

म्हणजे ‘आधी सोडा, मग तपासा’ हे ज्याच्याकडे नंतर तपासण्यासारखं काही आहे त्याच्यासाठीच. पत्ता आहे, जागा आहे, जुना हिशेब आहे, कर भरल्याचा इतिहास आहे, त्याला सोडा. कालच नोंदलेल्या कंपनीला तिच्या वकुबाबाहेरच्या मालावर हमीशिवाय सोडू नका. हा भेदभाव कायद्यात उघडपणे लिहावा लागतो, नाहीतर पहिल्याच रिट अर्जात तो उडतो. इथे किमतींचा आकडेसंग्रहही उपयोगी पडतो, पण फक्त प्रश्न विचारण्यापुरता. ‘तुमचा भाव सरासरीच्या निम्म्यापेक्षा कमी का, पुरावा दाखवा’ हे म्हणण्याचा अधिकार खात्याला मूल्यांकन कराराच्या जोडीच्या निर्णयाने दिलाच आहे. ‘आमच्या यादीत हा भाव आहे, यावर शुल्क भरा’ हे म्हटलं की ती मागच्या दाराने आणलेली किमान किंमत झाली.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल थोडं. चाळीस फुटी कंटेनर उघडताना कधी उभे राहिला असाल तर माहीत असेल: सीलचा नंबर कागदाशी जुळवतात, कटरने सील तोडतात, दारं उघडली की समोर जे दिसतं ते मुद्दाम दाखवायचं म्हणूनच भरलेलं असू शकतं. खोटा माल दारापाशी कोणी ठेवत नाही, तो मधल्या रांगांत असतो. म्हणून चार पेट्या दारातून काढून ‘तपासलं’ लिहिणं हा दोन्ही बाजूंचा वेळ घालवायचा उद्योग आहे. तपासायचा तर अर्धा तरी रिकामा करा, नाहीतर उघडूच नका. सगळंच तपासण्याचा हट्टही व्यर्थ. अमेरिकेने 2007 मध्ये कायदाच केला की आपल्याकडे येणारा प्रत्येक कंटेनर परदेशी बंदरावरच स्कॅन व्हावा, 2012 पर्यंत. मुदती वाढत गेल्या, तसं झालं नाही.

जोखीम पाहून निवड करणं हाच मार्ग उरतो, पण त्यातली एक खोच फार कमी लोक सांगतात. निवडीच्या यंत्रणेला तपासणीचा खरा निकाल परत मिळाला पाहिजे. ‘काही आढळलं नाही’ हे उत्तर अधिकारी सवयीने टाइप करत असेल तर यंत्रणा तेच शिकते आणि पुढच्या वेळी तिथे बघतच नाही. म्हणून थोडी निवड निव्वळ चिठ्ठी टाकल्यासारखी ठेवायची, अगदी सर्वांत विश्वासू आयातदारांनाही धरून, आणि त्या तपासण्यांचा अहवाल फोटोसकट, सविस्तर मागायचा. विश्वासू म्हणून दर्जा दिलेल्यांमध्ये किती चुका निघतात हे त्यातूनच कळतं. आणखी एक: मालाचं वर्णन. मॅनिफेस्टवर, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत, ‘पार्ट्स’ किंवा ‘जनरल कार्गो’ लिहिलेलं असेल तर जगातली कोणतीही यंत्रणा त्यातून काही काढू शकत नाही. अमेरिकेने 2002 च्या अखेरीस नियम केला की जहाजावर कंटेनर चढवण्याच्या 24 तास आधी माहिती द्या, आणि असली मोघम वर्णनं चालणार नाहीत. माहिती लवकर मागण्यापेक्षा नीट मागण्याने जास्त फरक पडतो.

दंडाकडे येतो. जुन्या कायद्यांत चूक आणि चोरी यांना जवळपास एकच काठी असते: माल जप्त, मग सोडवणुकीची रक्कम, वर दंड. परिणाम असा की चूक लक्षात आलेला माणूस तोंड उघडत नाही. पायऱ्या हव्यात. अमेरिकेच्या कायद्यात निष्काळजीपणाला बुडालेल्या शुल्काच्या दुपटीपर्यंत, घोर निष्काळजीपणाला चौपटीपर्यंत, आणि फसवणूक असेल तर मालाच्या देशांतर्गत किमतीइतका दंड होऊ शकतो. पण चौकशी सुरू होण्याआधी स्वतःहून चूक कबूल केली, त्यात फसवणूक नसली आणि शुल्क भरलं, तर फक्त व्याज. वरच्या साच्यांच्या प्रकरणात अशी तरतूद असती आणि आम्हाला आधी कळलं असतं, तर दोन वर्षांचा पत्रव्यवहार वाचला असता. सुलभीकरण कराराच्या कलम 6 मध्ये आणखी एक गोष्ट आहे जी राजकारण्यांना आवडत नाही: दंड लावणाऱ्याला दंड लावण्यात स्वतःचा फायदा वाटेल अशी रचना ठेवू नका. वसुलीचं उद्दिष्ट आणि पकडलेल्या मालावरचं बक्षीस एकाच टेबलावर आलं की नोटिसांची संख्या वाढते, अपिलात टिकणाऱ्यांची नाही.

इतर खात्यांबद्दल एकच सांगतो. बंदरावरचा उशीर पुष्कळदा कस्टम्सचा नसतोच; अन्न, वनस्पती, औषधं, मानकं यांच्या नमुन्यांची उत्तरं आलेली नसतात. सिंगापूरने 1 जानेवारी 1989 ला ट्रेडनेट सुरू करून एकाच अर्जात सगळी खाती आणली आणि दिवसांचं काम मिनिटांवर आलं. एक खिडकी म्हणजे नुसता एक लॉगिन नव्हे. प्रत्येक खात्यावर कायद्याने मुदत लागली तरच ती खिडकी.

आता अशी बाब, जिच्यापुढे इथवरचं सगळं अपुरं पडतं. हा सगळा विचार कंटेनर आणि कंपनी डोळ्यांसमोर ठेवून झाला. पार्सलं आली आणि आयातदारच नाहीसा झाला. घरबसल्या शर्ट मागवणाऱ्याकडे ना हिशेबाच्या वह्या ना ऑडिटची जागा. युरोपीय आयोगाच्या आकड्यांनुसार 2024 मध्ये 150 युरोंखालची 4.6 अब्ज पार्सलं संघात आली, दिवसाला सुमारे 1.2 कोटी, आणि त्यातली 65 टक्क्यांपर्यंत पार्सलं खऱ्यापेक्षा कमी किंमत लावून येतात असा आयोगाचाच अंदाज होता. त्यांच्यासाठी स्कॅनर किती घेणार? लहान मालाला शुल्कमाफी ठेवण्यामागचं तर्कशास्त्र होतं की वसुलीचा खर्च वसुलीपेक्षा जास्त. ते टिकलं नाही, कारण मोठी ऑर्डर तोडून शंभर लहान पार्सलं करणं फुकट झालं. अमेरिकेने 2016 मध्ये ही मर्यादा 200 वरून 800 डॉलर केली आणि 29 ऑगस्ट 2025 पासून सगळ्या देशांसाठी माफीच बंद केली. असं एकदम तोडल्यावर टपाल खात्यांची काय धांदल उडाली ते सगळ्यांनी पाहिलं.

मला पटणारा रस्ता ऑस्ट्रेलियाचा. जुलै 2018 पासून त्यांनी कमी किमतीच्या मालावरचा वस्तू-सेवा कर विक्रीच्या वेळी ऑनलाइन विक्रीच्या प्लॅटफॉर्मकडूनच घ्यायला सुरुवात केली. युरोपने 1 जुलै 2021 ला 22 युरोंखालची मूल्यवर्धित करातली माफी काढून तसाच मार्ग धरला. प्लॅटफॉर्मला खरी किंमत माहीत असते, पैसे त्याच्या हातातून जातात, त्याच्याकडे वह्या आहेत आणि तो रातोरात नाव बदलून गायब होत नाही. म्हणून पार्सलांपुरता कायद्याने प्लॅटफॉर्मलाच आयातदार माना. मालाच्या सुरक्षिततेची, नकली ब्रँडची जबाबदारीही मग त्याच्याच दारात नेता येते.

सुरुवात कुठून, हे उरलं. माझा क्रम असा: आधी कागद ठेवण्याचं कलम आणि ऑडिटचा अधिकार, त्यासोबतच अग्रिम निर्णय आणि स्वयंकबुलीची सवलत, मग हमीवर सुटका, आणि सॉफ्टवेअरचं टेंडर त्यानंतर. उलट क्रमाने गेलेल्यांना यंत्रणा दोनदा बांधावी लागते.

आणि मसुद्याचं शेवटचं पान आधी लिहा. निरसन आणि बचावाचं कलम, म्हणजे जुना कायदा रद्द करून त्याखालच्या अर्धवट व्यवहारांचं काय करायचं ते सांगणारं, जे नेहमी शेवटच्या रात्री जुन्या कायद्यातून उचललं जातं. नवा कायदा लागू होण्याच्या दिवशी काही माल समुद्रात असेल, काही शुल्क न भरता गोदामात बाँडखाली, काहींचा अर्ज भरलेला पण शुल्क भरलेलं नाही, काहींची जुन्या कलमाखालची नोटीस अर्धवट. यांतल्या प्रत्येकाला कोणत्या तारखेचा दर आणि कोणत्या कायद्याची मुदत, हे नाव घेऊन लिहा. मी लढलेल्या वादांतला मोठा हिस्सा नव्या नियमांच्या अर्थावर नव्हता, त्या एका दिवसावर होता.